एक टाका, दोन दोरे आणि भानगडी बाराशे

शिवणक्लासला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात बहुतेकांचा विरस होतो. मशीनवर बसून खडखड करत ब्लाउज काढायचा, असा बेत करून माणूस गेलेला असतो आणि बाई हातात ठेवतात वहीचा रेघी कागद. मशीनमध्ये दोरासुद्धा ओवायचा नाही. नुसत्या सुईने रेघेवरून भोकं पाडत जायचं. सरळ रेघ जमली की चौकोन, चौकोन जमला की गोल, मग नागमोड. सुईही जुनीच लावायची, कारण कागदाने ती बोथट होते.

त्यानंतर मापं घ्यायची, पेपरवर ती कापायची, कापड भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, बेतायचं, कच्चा टाका घालायचा. आणि मग कधीतरी टीप मारायची. शिवणकामात प्रत्यक्ष शिवणं हेच सगळ्यात थोडं असतं, ही या विद्येतली पहिली गंमत. पुढच्या बऱ्याचशा गमती मशीनच्या पाटाखाली आणि कापडाच्या धाग्यांत लपलेल्या आहेत.

पाटाखाली काय चालतं?

हाताने शिवताना एकच दोरा लागतो आणि सुई कापडाच्या आरपार जाऊन पलीकडून बाहेर येते. मशीनची सुई पलीकडे जातच नाही. ती अर्धवट खाली उतरते आणि आल्या वाटेने परत फिरते. मग टाका पडतो कसा?

त्याचं उत्तर दोन मिलिमीटरमध्ये आहे. सुई अगदी तळाला पोहोचून जेमतेम तेवढीच वर सरकते, तेव्हा कापडाने दोरा घट्ट धरून ठेवलेला असतो. दोऱ्याला सुईबरोबर वर जाता येत नाही, म्हणून तो नेढ्याच्या मागच्या बाजूला फुगतो आणि छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी पाटाखालच्या शटलचं टोक त्या फासात घुसतं, त्याला ओढून मोठं करतं आणि खालचा दोरा गुंडाळलेल्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. म्हणजे प्रत्येक टाक्याला खालची अख्खी बॉबिन, तिच्या डबीसकट, वरच्या दोऱ्याच्या फासातून पार होते! मग वरचा दांडा झटक्याने दोरा खेचून घेतो आणि दोन दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीत जाऊन बसते. कारखान्यातली मशीन हा सगळा खेळ मिनिटाला पाच हजार वेळा करते.

या ओढाताणीचा सगळा जाच वरच्या दोऱ्याला होतो. टाक्यात कायमचा बसण्याआधी दोऱ्याचा तोच तुकडा नेढ्यातून पंचवीस-पन्नास वेळा वर-खाली घासला जातो. स्वस्तातली रिळं मशीनवर सारखी का तुटतात आणि हातशिलाईला तीच का चालून जातात, ते यावरून कळावं.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवणारी गोष्टही इथलीच. टीप मारली, कापड उलटलं आणि खाली दोऱ्याचा झिंज्या पिंजारल्यासारखा गुंता! साहजिकच माणूस बॉबिनवर डाफरतो, ती काढतो, परत भरतो, परत लावतो. पण कापडाच्या खाली गुंता दिसला तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. चकत्या मशीनचा पाय वर उचललेला असताना उघडतात, म्हणून दोरा ओवायचा तो पाय वर करूनच. आणि ओवायचा कुठल्या बाजूने, याची खूण सुईनेच देऊन ठेवलेली आहे. तिच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते, त्या बाजूने दोरा आत जातो. नखाने चाचपून बघा, लागते हाताला.

पोतं उघडायची कला

तांदळाच्या किंवा सिमेंटच्या गोणीचं तोंड जाणकार हमाल एका हिसक्यात सर्रर्र उघडतो आणि आपण सुरी घेऊन दोरा कापत बसतो. त्या गोणीला असतो साखळी टाका. त्यात प्रत्येक फासाला पुढच्या फासाने अडवून धरलेलं असतं, त्यामुळे जिथे शिवण संपली तिकडचं टोक ओढलं की फास एकामागोमाग एक सुटत जातात. सुरुवातीच्या टोकाकडून ओढलंत तर टाके आणखी आवळले जातील. दोन्ही टोकं नीट बघा, मग ओढा.

घरगुती मशीनचा दोन दोऱ्यांचा टाका असा उसवत नाही, हाच त्याचा मोठेपणा. अर्थात आपल्याला उसवायचं असतं तेव्हाही तो उसवत नाही, तो भाग वेगळा.

शिंप्यांनी मोडतोड केली ती गोष्ट

शिलाई मशीनचा शोध कोणी लावला, असं विचारलं तर सिंगर म्हणणारे चुकतात. ब्रिटनमध्ये टॉमस सेंटने १७९० सालीच एका मशीनचं पेटंट घेतलं होतं. पण मशीन खरोखर धंद्याला लावली ती बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने. १८३० साली त्याने पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये ऐंशी मशिनी मांडून सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येणार म्हणून चिडलेले शिंपी कारखान्यावर चालून गेले आणि त्यांनी मशिनींची मोडतोड केली. तिमोनिए शेवटी गरिबीतच वारला.

अमेरिकेत वॉल्टर हंटने १८३०च्या दशकात टोकाला नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा, अशी मशीन तयार केली आणि पेटंटच घेतलं नाही. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बायकांचं काय होईल, असं त्याच्या मुलीने विचारलं म्हणून त्याने तो नाद सोडला, असं सांगतात. याच हंटने १८४९ साली पंधरा डॉलरचं देणं फेडायला तार वाकवून सेफ्टी पिन तयार केली आणि तिचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. नऊवारीपासून शाळेच्या रुमालापर्यंत आपली इज्जत सांभाळणाऱ्या वस्तूची किंमत एवढीच लागली.

मग आला एलियस हाव. १८४५ साली बॉस्टनमध्ये त्याची मशीन पाच शिवणाऱ्या बायकांशी शर्यतीला बसली आणि जिंकली. पुढच्या वर्षी त्याला पेटंट मिळालं. सुईचं नेढं टोकाला हवं हे त्याला स्वप्नात दिसलं, भाल्यांच्या पात्यांना भोकं असलेले रानटी लोक त्याला मारायला आले होते, अशी एक कथा फार लोकप्रिय आहे. कथा झकास आहे. पण हंटने तशी सुई आधीच केलेली होती, तेव्हा स्वप्नाचं श्रेय बेतानेच द्यावं.

आयझॅक सिंगर १८५१ साली शेवटून आला आणि सगळ्यात पुढे निघून गेला. धंद्याने तो नट होता, त्यामुळे मशीन विकण्यापेक्षा तिचा तमाशा मांडणं त्याला चांगलं जमायचं. हावने कोर्टात खेचलं, सिंगर हरला. शेवटी १८५६ साली भांडणाऱ्या सगळ्यांनी आपापली पेटंटं एकत्र ठेवली आणि सगळेच गब्बर झाले. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने त्याच वर्षी हप्त्याने मशीन द्यायला सुरुवात केली. आज फ्रिजपासून फोनपर्यंत सगळं हप्त्यावर घेणारे आपण शिलाई मशीनच्याच वाटेवरून चाललो आहोत.

हे सगळं कशासाठी, तर वेळेसाठी. १८६०च्या दशकात एका अमेरिकन कंपनीने जाहिरातीत दिलेले आकडे प्रसिद्ध आहेत: पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. आकडे मशीन विकणाऱ्यांचे आहेत, म्हणून थोडी सूट द्या. तरी फरक डोळ्यात भरतोच.

यंत्रांबद्दल कायम साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद केलं होतं. बायकोला हाताने टाके घालत बसावं लागतं, हे न बघवून सिंगरने हा शोध लावला, म्हणून त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींचा मुद्दा पटण्यासारखा आहे. सिंगरचा संसार मात्र तितका साधा नव्हता. निरनिराळ्या बायकांपासून त्याला दोन डझनांच्या आसपास मुलं होती, तेव्हा यातल्या नेमक्या कुठल्या घरचे टाके त्याला बघवले नाहीत, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात उषा मशीन बाजारात आणली आणि पुढे ती मराठी घरांतही माजघरातली एक जागा अडवून बसली. ओपेल ही मोटारींची जर्मन कंपनी १८६२ साली शिलाई मशीन बनवण्यापासूनच सुरू झाली होती. स्वीडनची हस्कवार्ना शिलाई मशिनींआधी बंदुका बनवायची. बंदुकीकडून सुईकडे वळलेली कंपनी म्हणून तिच्याबद्दल मला विशेष आदर आहे.

सुईच्या आकड्यांचा उलटा कारभार

दुकानात गेलात आणि नुसती ‘दहा नंबरची सुई’ मागितलीत तर फसाल. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी ती जाड. मशीनच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. साध्या सुती कापडाला ही चालते. जीन्सच्या कापडाला १६ किंवा १८ नंबर लागतो. रेशमाला किंवा जॉर्जेटला ११ नंबर. जॉर्जेटवर १६ नंबरची सुई चालवलीत तर भोकं लांबून मोजता येतील.

सुई मात्र मशीनपेक्षा हजारो वर्षांनी थोरली आहे. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत पक्ष्याच्या हाडाची, नेढं पाडलेली, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीची सुई मिळाली. तिचं वय सुमारे पन्नास हजार वर्षं मानतात. शेती, चाक, मडकं, लिहिणं, यातलं काहीही नव्हतं तेव्हा माणूस सुईत दोरा ओवत होता आणि थंडीत कुडकुडत बहुधा तो सापडत नाही म्हणून चिडतही होता.

कात्रीचीही एक गोष्ट. कापडाच्या कात्रीच्या मुठी वर वळलेल्या असतात, त्या डौलासाठी नाहीत. कापताना खालचं पातं टेबलावरून सरकत राहावं आणि कापड उचललं जाऊ नये म्हणून त्या तशा आहेत. मेरठच्या हाताने घडवलेल्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापला की भांडण होतं, हे मात्र समजुतीचं नाही, अनुभवाचं आहे.

शिंप्याची ही हत्यारं भक्तीतही जाऊन बसली आहेत. संत नामदेव शिंपी घराण्यातले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदं आहेत, त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई आणि दोरा सगळे हजर आहेत.

उभा, आडवा, तिरपा

कापड सगळीकडून सारखं नसतं, हे नवशिक्याला कळतं ते पहिला परकर एका बाजूने लोंबायला लागल्यावर. मागावर ताणा घट्ट ओढून बांधलेला असतो, म्हणून उभ्या धाग्याला कापड फारसं ताणत नाही. बाण्याच्या, म्हणजे पन्ह्याच्या दिशेने ते थोडं देतं. आणि कोपऱ्यातून तिरपं, पंचेचाळीस अंशांत ओढलं तर सुती कापडही चांगलंच लवचीक होतं. साधा हातरुमाल घेऊन तिन्ही दिशांनी ओढून बघा, दोन मिनिटांत धडा संपला.

या तिरपेपणावरच गळ्याची उरेब पट्टी जगते. गोल गळ्याला सरळ कापलेली पट्टी लावली की ती उभी राहते, चुण्या पडतात. तिरपी पट्टी मुकाट्याने वळते. पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने हिने १९२०च्या दशकात अख्खे पोशाखच तिरप्या कापडात बेतले आणि अंगावरून ओघळणारे तिचे झगे जगभर गाजले. त्यात कापड भरपूर वाया जातं. आपल्या आज्यांना ते परवडलं नसतं.

ब्लाउजचं कापड घेताना आपण ‘टू बाय टू रुबिया’ सराईतपणे मागतो. यातले दोन आकडे म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा प्रत्येक धागा दोन पदरी, पीळ घातलेला. म्हणून तो पातळ दिसूनही टिकतो.

आता पाण्याकडे वळू. माग आणि नंतरच्या प्रक्रियांत सूत ओढलं जातं, ताणलेलं राहतं. पहिल्यांदा भिजलं की ते मोकळं होतं आणि आटतं. कापड पाच टक्के आटलं, तर चाळीस इंची कुर्ता अडतीस इंचांचा झाला! म्हणून आधी भिजवा, मग बेता. अस्तर वेगळं भिजवा, कारण ते वेगळंच आटतं. साडीचा फॉल न भिजवता लावण्याचा आळस जिने केला, तिच्या साडीचे काठ पहिल्या धुण्यानंतर आक्रसून वर चढलेले तुम्ही पाहिले असतील. दुकानदार ‘फॉल भिजवलेलाच आहे’ म्हणतो. तरी भिजवा.

भेळेचा पुडा आणि ब्लाउजचा टक्स

सगळ्या शिवणकामाचा मूळ प्रश्न एकच: कापड सपाट, माणूस गोल. भेळवाला सपाट कागदाची एक बाजू दुसरीवर चढवतो आणि पुडा तयार होतो. टक्समध्ये हेच होतं. कापडाची पाचर चिमटीत धरून शिवली की सपाट कापडाला उभार येतो आणि पाचरीचं टोक जिकडे वळवाल, तिकडे तो उभार सरकतो. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, हे सगळे हाच टक्स कुठल्या शिवणीत लपवायचा याचे प्रकार.

त्याहून अवघड मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेभोवतीची गोलाई. समोरच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात, कारण आपले हात बहुतेक वेळ पुढेच काम करत असतात. बाहीच्या टोपीची गोलाई मुंढ्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात आणि ती जास्तीची लांबी चुणी न दिसू देता शिवणीत मुरवतात. बाही लावायला बसलेल्या माणसाशी म्हणूनच बोलू नये.

यातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट अशी, की हात मोकळा हलावा म्हणून मुंढा मोठा, ऐसपैस कापला तर हात उलट अडकतो. मुंढा खाली गेला की बाही थेट धडाला बांधली जाते. मग बसमध्ये वरची दांडी धरली की अख्खा ब्लाउज पोटावरून वर! मुंढा काखेच्या जवळ, उंच असला तर हात वर जातो आणि ब्लाउज जागेवर राहतो. ‘काखेत जरा सैल ठेवा हं’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला टेलर ‘हो’ म्हणतो आणि करतो मात्र स्वतःच्याच मनाचं. त्याचं बरोबर असतं.

जुन्या कपड्यांत ही कटकट नव्हती. पारंपरिक कुर्ता बघा: समोर-मागे आयत, बाह्या आयत, बाजूला घेरासाठी कळ्या आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. तो चौकोन तिरपा बसतो, म्हणून हात उचलला की ताणतो. चिंधीसुद्धा वाया जात नाही. जपानी किमोनोही तसाच, सुमारे छत्तीस सेंटिमीटर पन्ह्याच्या एकाच ताग्यातून सरळ रेघांत कापलेला. पूर्वी धुवायच्या वेळी तो चक्क उसवायचे, तुकडे धुऊन ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे. हातमागाचं कापड महाग होतं तेव्हा कात्री जपून चालायची, एवढंच त्यामागचं तत्त्व.

आपल्याकडची बाराबंदी बटणाशिवाय बंदांवर बंद बांधून अंगाला बसते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात. चोळीचा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तो चोळीच्याच मापाने विणतात, त्यामुळे कापड बेतायची निम्मी अक्कल विणकरानेच खर्च केलेली असते.

आणि नऊवारी? नऊ वार कापड, सुई शून्य, तरी घोड्यावर बसता येतं. आता तिचीही शिवलेली आवृत्ती निघाली आहे: विजारीसारखी चढवा, नाडी ओढा, वेल्क्रो चिकटवा. वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ साली सुचली, कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं भिंगाखाली पाहिल्यावर. शिवलेल्या नऊवारीला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. नाचाच्या स्पर्धेत तिसऱ्या मिनिटाला कासोटा सुटण्यापेक्षा वेल्क्रो बरा.

खिसा, बटण, चेन

मोहेंजोदडोत शिंपल्याची बटणं मिळाली आहेत, पण ती मिरवायची होती. काज करून त्यात बटण अडकवण्याची युक्ती माणसाला फार उशिरा सुचली.

शर्टाची समोरची काजं उभी असतात, पण कॉलरचं आडवं. आत्ता अंगावर शर्ट असेल तर मान वाकवून बघा. मान हलते तेव्हा ताण आडवा पडतो, तो आडव्या काजाने पेलतो.

चेन १८९३ साली व्हिटकॉम्ब जडसनने केली, पण ती भलत्या वेळी उघडायची. १९१३ साली गिडियन सुंडबॅकने तिला आजचं रूप दिलं. तुमच्या पॅन्टच्या चेनवर वायकेके अशी अक्षरं असतील, तर ती जपानच्या योशिदा कंपनीची. ताडाओ योशिदांनी ती १९३४ साली सुरू केली.

जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे खिळे जेकब डेव्हिस या शिंप्याची कल्पना. खिसे फाटतात म्हणून गिऱ्हाइकं तक्रार करायची. पेटंटला लागणारे पैसे नव्हते, म्हणून त्याने कापड पुरवणाऱ्या लिव्हाय स्ट्रॉसला भागीदार केलं. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. नाव कोणाचं राहिलं, ते सांगायला नको.

खिशांचा विषय निघालाच आहे तर बायकांच्या खिशांचंही बोलून घेऊ. २०१८ साली अमेरिकेतल्या ‘द पुडिंग’ या नियतकालिकाने जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. यावर एकच उपाय: शिवण शिका आणि हवा तेवढा खिसा स्वतः लावा. शिवण शिकण्याचं एवढं एक कारणही पुरेसं आहे.

दुकानातला ‘एल’ एका ठिकाणी होतो आणि दुसरीकडे होत नाही, याचं एक कारण असं की भारतीय शरीरांची स्वतःची प्रमाणित मापं फार काळ नव्हतीच. परदेशी तक्त्यांवर काम भागत होतं. आपली मापं मिळवण्यासाठी निफ्ट या फॅशन संस्थेने मुंबईसह सहा शहरांत २५ हजार लोकांची शरीरं थ्रीडी स्कॅनरने मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला. ती मापं दुकानांत येईपर्यंत गळ्यात टेप अडकवलेला कोपऱ्यावरचा टेलर हाच आपला स्कॅनर.

चंद्रावरची टीप

नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या अंगावरचा पोशाख अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या प्लेटेक्सच्या भावंड कंपनीत शिवला होता. एकवीस थर, शिवणाऱ्या बायका आणि शिलाई मशिनी. चूक चालायची ती एक मिलिमीटरहूनही कमी. एखादी टाचणी थरांत विसरली तर माणूस जिवानिशी गेला असता. पुढच्या वेळी ‘शिवणकाम काय, बायकांचा विरंगुळा’ असं कोणी म्हणालं, तर हे उदाहरण तयार ठेवा.

बसायचं कसं, सुरुवात कुठून?

शिकायच्या वाटा जुन्या आहेत. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात, म्हणजे १९०९ पासून, बायकांना पायावर उभं करायच्या शिक्षणात शिवणाला जागा होती. आज आयटीआयमध्ये एक वर्षाचा स्युइंग टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ‘फुकट शिलाई मशीन, इथे क्लिक करा’ असे जे निरोप फोनवर फिरतात, त्यांवर मात्र क्लिक करू नका.

क्लासचा क्रम साधारण ठरलेला असतो: झबलं-टोपडं, मग परकर, मग फ्रॉक, मग पंजाबी ड्रेस आणि सगळ्यात शेवटी ब्लाउज. हा क्रम मोडू नका. परकरात बहुतेक सरळ टिपा असतात, चुकल्या तरी साडीखाली झाकतात. ब्लाउजमध्ये काहीच झाकत नाही.

पैसे मशीनवर उधळण्याआधी चांगल्या कात्रीवर घाला. मशीन घरात जुनी असेल तर ती काढा, तेल द्या, वादी बदला, नवी सुई लावा. जुन्या काळ्या मशिनी सहसा मरत नाहीत, फक्त रुसतात. प्रत्येक टीप मारल्यावर, ती दुसऱ्या शिवणीखाली जाण्याआधी इस्त्री फिरवा. घरी शिवलेलं आणि दुकानातून आणलेलं यांतला निम्मा फरक एवढ्यानेच मिटतो. माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, सढळ ठेवा, कापलेलं कापड परत वाढत नाही. आणि उसवायची आरी मशीनच्या खणात नाही, हाताशी ठेवा. ती रोज लागते.

नवं कापड आणायला आज धावू नका. कपाटातली विटलेली चादर काढा, भिजवा, वाळवा आणि तिचा पहिला परकर बेता. तो कोणाला भेट मात्र देऊ नका.